बाकीची सहा कुठं गेली?

माझ्या आईने आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचा तिने फक्त शेवट पाहिला. कोल्हापुरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये ती सफाईला होती. खेळ सुटला की चौघीजणींनी झाडू, सुपली आणि काळ्या पिशव्या घेऊन आत शिरायचं आणि पुढचा खेळ लागायच्या आत सांडलेलं पॉपकॉर्न, ग्लास, कागद सगळं उचलून बाहेर पडायचं. हातात जेमतेम पंधरा मिनिटं. दिवे लागलेले असायचे, पडद्यावर नुसती नावं वर सरकत असायची. सिनेमात काय झालं ते खुर्च्यांखालच्या कचऱ्यावरून ओळखायचं, असं त्या चौघी म्हणायच्या. रडका सिनेमा असला की नॅपकिन जास्त.

सुपरहिरोंचे सिनेमे मात्र वेगळे होते. हे सगळे सिनेमे एकमेकांत गुंतलेले. आज एकाची गोष्ट, सहा महिन्यांनी दुसऱ्याची, मग सगळे एकत्र येऊन त्यांची टोळी होते, आणि मग त्या टोळीचा दुसरा भाग येतो. आणि प्रत्येक सिनेमात सगळी नावं संपल्यावर पुढच्या सिनेमाचा एक छोटा तुकडा दाखवतात. तो पाहिल्याशिवाय पोरं जागची हलत नाहीत. त्यामुळे आई आणि तिच्या सोबतिणी अंधारात भिंतीला टेकून, झाडू हातात धरून उभ्या राहायच्या. सुपरवायझर दारातून तोंड घालून चिडायचा, पण त्याला तरी काय करता येणार? असे ते तुकडे आई दिवसातून चार-पाच वेळा बघायची. रोज, तीन-तीन आठवडे.

त्या टोळीचा पहिला भाग आला आणि दुसरा आला, यांच्यामध्ये साधारण चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत माझ्या आईची नजर गेली. ती जात असताना मी रोज तिच्याशेजारी बसून जेवत होतो.

आमचं गाव शाहूवाडीकडचं, डोंगराच्या कुशीतलं. वडील मी सातवीत असताना गेले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. तालुक्याच्या हायस्कुलातल्या आमच्या सरांनी आईला बोलावून सांगितलं, "याला कोल्हापूरला पाठवा, याला विज्ञान येतं." आईने भाताची दोन खाचरं चुलत्यांकडे वाट्याने लावली, दाराला कुलूप घातलं आणि माझ्याबरोबर एस.टी.त बसली. "तू एकटा काय जेवशील?" एवढंच म्हणाली. मी आज जो काही आहे तो त्या एका प्रवासामुळे आहे. हे मी कुठेही, कुणासमोरही सांगतो.

पहिला भाग आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. त्यातला शेवटचा तुकडा आईने मला घरी स्टोव्हसमोर बसून सांगितला होता. एक मोडका पूल. पुलावर सातजण पाठमोरे उभे. एकेक जण वळतो, तोंड दिसतं, आणि अंधार.

"सातजण हायती," आई म्हणाली. "म्या रोज मोजतो. एक त्यो म्होरक्या. एक म्हातारी हाय, ती हात वर केला की पाणी थांबवती. दोन जुळी. एक पोरगी, तिच्या केसांत मधमाश्या. एक सावलीवाला, आनि एक त्यो लांबडा, घड्याळ घेतल्याला."

"तुला सगळं पाठ झालंय की."

"पाठ व्हायला काय? पर म्हातारी त्यांच्यात कशी आली, ते काय कळंना. तेवढं सांग."

मग मी सांगायचो. सकाळच्या स्वस्त खेळाला मित्रांबरोबर जाऊन मी पूर्ण सिनेमा पाहिलेला असायचा. आईकडे शेपूट असायचं, माझ्याकडे बाकीचं अंग. रविवारी तिच्या उशिराच्या पाळीआधी आम्ही दोघं ते जोडत बसायचो. तिला सगळ्यात जास्त त्या म्हातारीची काळजी. "एवढ्या तरण्या पोरांत तिचं कसं व्हायचं?" म्हणायची. मेलेला सावलीवाला पुढच्या सिनेमात परत उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "ह्यांच्यात बरं हाय. मेल्यालं परत येतंय."

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांतल्या एकेकाचे वेगळे सिनेमे आले. तेव्हा एक बदल झाला, तो मी पाहिला आणि मला तो दिसला नाही. आधी शेवटचा तुकडा आई मला सांगायची. नंतर नंतर ती मला विचारायला लागली. "काल त्यो पिच्चर बघितलास न्हवं? शेवटी काय दाखवलं रं?" मी म्हणायचो, "तू होतीस की तिथं." ती म्हणायची, "व्हय, पर गर्दीत काय कळलं न्हाय." मला वाटायचं, गोष्टच आता फार गुंतागुंतीची झाली आहे, चौथी शिकलेल्या बाईला कशी कळणार. मी आणखी सोपं करून सांगायचो. वहीवर आकृती काढायचो, कोण कुणाचा कोण ते बाण काढून दाखवायचो. मला त्याचा अभिमानही वाटायचा. शिकवायची सवय मला तिथेच लागली असावी.

दुसऱ्याही गोष्टी होत्या. आई वरच्या रांगा सोडून पडद्यासमोरच्या सपाट रांगा झाडायला लागली. "गुडघं दुखत्यात, पायऱ्या नगं वाटत्यात," म्हणाली. गावी गेलो की घराच्या चौकटीवर तिचा खांदा आपटायचा. एकदा कपाळाला टेंगूळ घेऊन आली. मी हसून म्हणालो, "आई, चौकट तीच आहे, तूच नवीन आलीस काय?" तीही हसली. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेली चटणी तिच्या हाताने दोनदा उलटली. मी फडकं घेऊन पुसली.

मी तिला डोळे दाखवायला नेलं नाही असंही नाही. बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात नेलं. आमच्याकडे डोळे म्हणजे चष्मा. दुकानदाराने भिंतीवरचे आकडे वाचायला लावले. आईने मान थोडी इकडेतिकडे फिरवत सगळ्यात खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." आई मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ."

आणि सुई. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या वाकळ शिवायला बसल्या की सुया आईकडे आणून द्यायच्या. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून ती जाड गोधडी शिवायची, म्हणजे दिवसात पन्नास वेळा दोरा ओवावा लागतो. आई एका फटक्यात ओवायची. सुईत दोरा जातोय म्हणजे नजर शाबूत, हे आमच्यात कुणी कधी तपासून बघत नाही. मीही बघितलं नाही. मी तेव्हा बी.एड. करत होतो. सराव-पाठ म्हणून मी दहावीच्या वर्गात फळ्यावर डोळ्याची आकृती काढली होती, रंगीत खडूने, सगळ्या भागांना नावं देऊन. निरीक्षकांनी 'आकृती उत्तम' असा शेरा दिला होता.

मला एका शाळेत नोकरी लागली त्याच सुमाराला टोळीचा दुसरा भाग आला. मी ठरवलं, हा सिनेमा आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीवर बसून दाखवायचा. तिच्याच थिएटरात, तिच्या सुट्टीच्या दिवशी. आई नको नको म्हणत राहिली. "मला कशाला? तू जा. येऊन सांग." मला वाटलं, संकोच आहे. मी दोन तिकिटं काढून तिच्या हातात ठेवली.

ती मोरपंखी साडी नेसली. दारावरच्या तिकीट बघणाऱ्या दादाने तिला पाहून मोठ्याने आरोळी ठोकली, "आरारा! अक्का, आज पावणं म्हणून आलासा व्हय! ओ, वाट सोडा, मालकीणबाई आल्यात!"

"गप की मुडद्या, लोक बघालेत," आई म्हणाली, पण तिचं तोंड फुललं होतं.

तिच्या तिघी सोबतिणी त्या दिवशी कामावर होत्या. त्यांतल्या धाकटीने आईचा हात धरला आणि थेट खुर्चीपर्यंत आणून बसवलं. मला वाटलं, माया. मधलीने पॉपकॉर्नचा पुडा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अक्का, खाली सांडू नगा हां. आमालाच झाडाय लागतंय." सगळ्या हसल्या.

सिनेमा सुरू झाला. आई ताठ बसली होती. लोक हसले की ती हसायची, पण एक क्षण उशिरा. मी ते पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, पहिल्यांदाच पूर्ण सिनेमा बघतेय, लय सापडायला वेळ लागणार.

मध्यंतरानंतर मोठी लढाई होती. एक धरण फुटायला आलेलं, आणि भिंतीवर सातहीजण एका रांगेत उभे. सगळं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या सातजणांनी भरला होता. आई माझ्या कानाशी झुकली.

"ह्यो एकटाच का उभा हाय रं?"

"कोण एकटा?"

"घड्याळवाला. बाकीची सहा कुठं गेली?"

"आई, हळू बोल," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो. मागच्या रांगेतला एकजण 'शू' करत होता आणि मला लाज वाटली होती. मग तिचं वाक्य माझ्या डोक्यात पोचलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिची मान हलत होती, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे, जत्रेत हरवलेलं माणूस शोधावं तशी. मधेच ती थांबली आणि पुटपुटली, "ही बघ म्हातारी. हाय, हाय. हितं हाय." म्हातारी सापडल्याचा तिला आनंद झाला होता.

मी माझा हात उचलला आणि तिच्या कानाच्या बाजूने, गालापासून वीतभर अंतरावर, हळूहळू पुढे आणला. पडद्याचा उजेड माझ्या बोटांवर पडत होता. हात डोळ्याच्या कडेला आला. आणखी पुढे आला. तिची पापणी हलली नाही. हात जवळजवळ तिच्या नाकासमोर आला तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "काय करालास? डास हाय व्हय?"

"हो," मी म्हणालो. "डास होता."

त्यानंतरचा सिनेमा मला आठवत नाही. टोळीतला कोण मेला आणि जग कसं वाचलं, ते मी नंतर विद्यार्थ्यांकडून ऐकलं. नावं सुरू झाली, कुणी उठलं नाही, बाजूचं दार उघडलं आणि तिघीजणी नेहमीप्रमाणे आत येऊन भिंतीला टेकल्या. आमच्यापासून दहा पावलांवर. त्या आईकडे बघून हात हलवत होत्या. मधलीने झाडू उंच करून हलवला. आई समोर बघत होती. थोड्या वेळाने, काहीतरी आठवल्यासारखे, तिघींनी एकेक करून हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभा होतो. खोलीत फक्त यंत्राचा बारीक आवाज होता. बटणाचा आवाज फार क्वचित येत होता. आई एकदा म्हणाली, "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय जणू. उजेडच पडंना."

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून निघालेला कागद माझ्यासमोर ठेवला. उजव्या डोळ्याचं वर्तुळ सगळंच काळं. डाव्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा भाग पांढरा राहिला होता. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यात दाब वाढतो, नस वाळत जाते, नजर कडेने मरत येते. दुखत नाही. मध्यभाग शेवटपर्यंत टिकतो, म्हणून वाचता येतं.

"सुईत दोरा ओवता येतो," मी म्हणालो.

"येणारच. पण ताटात बाजूला काय आहे ते दिसत नाही."

"किती दिवस झाले असतील?"

"दिवस?" त्यांनी कागदावरून मान वर केली. "हे चार-पाच वर्षांचं आहे. आधी आला असतात तर थांबवता आलं असतं. तुम्ही काय करता?"

"शाळेत विज्ञान शिकवतो."

त्यांनी मान हलवली आणि औषधं लिहायला घेतली. आई मधेच म्हणाली, "बाई, गेल्यालं परत येत न्हाय व्हय?"

"नाही, मावशी. आहे तेवढं जपायचं."

"पिच्चरमधी येतंय की," आई म्हणाली आणि हसली. तिथे कुणालाच हसू आलं नाही, म्हणून तीही थांबली.

तिचं ओळखपत्र आणि निळा डगला परत द्यायला मी एकटाच थिएटरवर गेलो. तिघीजणी मागच्या जिन्यावर डबा खात बसल्या होत्या. मी रागात होतो. कुणावर, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं, म्हणून समोर जे होतं त्यांच्यावर.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की," मधली म्हणाली. तिने घास खाली ठेवला नाही.

मग त्यांनी सांगितलं. दीड-दोन वर्षांपासून त्या आईला सांभाळत होत्या. पायरीवरून ती एकदा पडली, तेव्हापासून त्यांनी तिला सपाट रांगा दिल्या. एकजण तिच्या पुढे चालायची, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, म्हणजे आईला तेवढा ठिपका धरून जाता येई. मागून दुसरी हळूच सांगायची, अक्का, उजव्या हाताला गलास, अक्का, खुर्चीखाली पिशवी. तिच्या रांगा तिसरी पुन्हा झाडून घ्यायची, सुपरवायझर यायच्या आत. पंधरा मिनिटांत हे सगळं. एकदाही तक्रार आली नव्हती.

"मला एका शब्दाने सांगितलं असतं तर?"

"शपथ घातलती तिनं. पोराचं बी.एड. हूं दे, मग म्याच सांगतो म्हनली. डोळ्याचं कळलं तर शिक्षान सोडून कामाला लागंल, म्हनली. आनि दवाखान्यात गेलं तर तुला कळंल, म्हनून तीबी गेली न्हाय."

मी काहीतरी बोललो. बहुतेक हेच, की तुम्ही तिचे डोळे घालवलेत. हे शब्द मी परत घेऊ शकत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

धाकटी रडायला लागली. मधली मात्र माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पोरा, आमी तिला अंधारात बघायचो. तू उजेडात बघत हुतास."

सर्वांत मोठीने डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. "खा," म्हणाली. "उपाशी आलाईस." मी ती घेतली आणि तिथेच त्यांच्याशेजारी पायरीवर बसून खाल्ली. आत खेळ सुटायला आला होता. मोठीने भिंतीकडे कान देऊन बघितलं, डबा बंद केला, आणि तिघी झाडू उचलून गेल्या. दाराच्या फटीतून मला त्या भिंतीला टेकलेल्या दिसल्या. चौथीची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. सवयीने असेल.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दाब उतरला, पुन्हा थोडा चढला. थेंब सकाळी आणि संध्याकाळी घालतो. पांढरा भाग मागच्या तपासणीला आणखी जरासा लहान झाला होता. आईने विचारलं, केवढा राहिला? मी म्हणालो, तेवढाच आहे. ती म्हणाली, "खोटं बोलायला शिकलास."

सोबतिणी सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने येतात. त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या भागाच्या शेवटी तिसऱ्याचा तुकडा दाखवला होता, पाण्यात बुडालेलं शहर आणि त्यात म्हातारी एकटी. कधी येणार ते कुणाला माहीत नाही. आई म्हणाली, "म्हातारी एकटीच असंल तर मला दिसंल."

आता ती रोज सकाळी एक काम करते. मी शाळेला निघालो की मला दारात, उजेडाकडे तोंड करून उभं करते आणि बघते. सगळा मी तिच्या नाण्यात मावत नाही. म्हणून आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा, नाक, मिशी, असं तुकड्या-तुकड्याने. मान सावकाश हलवत राहते, थिएटरात हलवत होती तशीच. पहिली घंटा दहा वाजून पन्नासची असते. मला रोज उशीर होतो आणि मी हेडमास्तरांना कारण सांगत नाही.

काल मी घाईने चपलेत पाय घातला तर तिने दंड धरला.

"थांब की," म्हणाली. "हनुवटी ऱ्हायली."